रकाना

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत
माझं काम खडूचं.
पंपाची बॉडी थंड झाली की उलटीपालटी करून बघायची,
फोड दिसला की फुली.
रजिस्टरात दोनच रकाने: पास, फेल.
अकरा वर्षं फुल्या मारल्या
आणि कशावर मारल्या ते विसरत गेलो.

गंगव्वा कोअर शॉपला.
वाळूचे गाभे थापायची, भट्टीत लावायची,
बोलायची कमी, तेही अर्धं कन्नड.
एका रातपाळीला चहाच्या सुट्टीत
भंगाराच्या ढिगावर वाकून उभी.
"काय हुडकूलीस गं?"
"तुझ्या फुल्या," म्हणाली.
"सगळ्या एकाच गालावर आहेत की."

मी हसलो.
अनगोळच्या चढावर सायकल ढकलताना
हसू उतरलं.
दुसऱ्या दिवशी रजिस्टरात
पट्टी न लावताच एक रेघ ओढली,
वर लिहिलं: जागा.
कुणी सांगितलं नव्हतं.

मग ती रोज विचारायची, कुठं?
मी सांगायचो, फ्लँजच्या खाली, डावीकडं.
सायकलचा मोडका स्पोक घासून
ती गाभ्याला तिथंच टोचायची, वारं निघून जायला.
पहिले बारा गाभे फुटले.
बारांचे पैसे तिच्या हजेरीतून कापले,
हे मला पगाराच्या दिवशी कळलं.

तेराव्याला तिनं स्पोक तिरका धरला.
"होईल?"
"नोडोण."
बघू या.
पगारवाढ मागितली की साहेब हेच म्हणतात,
उधारी टाळायला माझा बापही हेच म्हणायचा.
तिच्या तोंडी तो शब्द निराळा वाजला,
लोखंड भरत येताना
साच्याच्या भोकातून निळी ज्वाळा फुर्र करून निघते, तसा.

मे महिन्यात कुरबेट साहेबांनी रजिस्टर चाळलं.
"ही रेघ कुणाची?"
मी खडू खिशात घातला.
"माझी. विचारलं हिनं."
त्यांनी पान मागं केलं, पुढं केलं, पुन्हा मागं,
आणि डबा तसाच ठेवून कोअर शॉपकडं गेले.

आता खडेबाजारातून नवी रजिस्टरं छापून आलीत.
तिसरा रकाना छापील आहे.
छापणाऱ्यानं माझंच पान पुढ्यात ठेवलं असणार:
रेघ खाली जाता जाता
तशीच डावीकडं कलते.

ते बारा गाभे मात्र
अजून कुठल्याच रकान्यात नाहीत.
आणि गंगव्वा परवा पुन्हा ढिगाशी,
या खेपेला गिअरच्या डब्यांपुढं उकिडवी,
न विचारता घेतलेला
माझा खडू हातात.