कर्मणी प्रयोग

डंडीत नोव्हेंबरात पावणेचारलाच दिवे लागतात.
दफ्तरखान्यात शाई चालत नाही, फक्त पेन्सिल.
कोट बाहेर, पिशवी बाहेर,
आत मी आणि एका ताग-गिरणीची वही,
सन एकोणीसशे सहा,
उघडताच नाकात जुन्या पोत्यांचा वास.

पान त्रेसष्ट:
"कांडीखात्यातल्या बायकांची मजुरी
आठवड्याला एक शिलिंगने कमी करण्यात आली."
खाली सही नाही.
शेजारच्या रकान्यात एकवीस नावं,
शेवटचं जेसी केर्ड, वय चौदा.

वाक्य जसंच्या तसं मी प्रबंधात उतरवलं.
डॉक्टर गेडिसबाईंनी त्याखाली
हिरव्या शाईत एवढंच लिहिलं: कुणी केली?
"तुझ्या तिसऱ्या प्रकरणात माणसंच नाहीत गं.
पगार कापले जातात, बोटं तुटतात, संप मोडतो,
जणू हवामान."

मुरदंडे सर आठवले, आठवी ब,
खडूची धूळ झटकत म्हणायचे,
कर्मणीत कर्ता लपतो, मरत नाही.
शोधा.

इचलकरंजीत आई अजून कांड्या भरते.
मागांच्या खडखडाटात ऐकू कुणालाच येत नाही,
बायका ओठ वाचतात.
इथल्याही वाचायच्या, म्हणे.
फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली,
"त्यात लिहिण्यासारखं काय?"
मग जरा थांबून,
"किती पडायचे गं त्यांना?"

फेब्रुवारीत मी वसतिगृह समितीची अध्यक्ष झाले.
दोनशे बारा मतं,
चार रात्री जागून चिकटवलेली पत्रकं,
आणि एक चावी,
जिनं बैठकीची खोली सोडून
दुसरं काहीच उघडत नाही.

दुसऱ्याच बैठकीत विद्यापीठानं मत मागवलं:
कपडे धुण्याचे दर वाढवायचे
की रात्रीच्या सफाईचे तास घटवायचे?
कॅलमनं आकडे वाचले.
कुणीतरी बिस्किटांचा पुडा फिरवला.
सहा विरुद्ध दोन.
घरी येऊन मी इतिवृत्त लिहिलं:
"सफाईचे तास आठवड्याला नऊने कमी करण्यात आले."
छान उतरलं होतं वाक्य.
कुठे टोचत नव्हतं.

तीन दिवस ते तसंच होतं.
चौथ्या दिवशी प्रबंधातली हिरवी शाई पुसायला बसले,
म्हणजे उत्तर शोधायला,
आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी पडले.

करण्यात आली.
करण्यात आले.
शंभरावर वर्षं, आणि फरक फक्त
एका वेलांटीचा नि एका मात्रेचा.

मी खोडलं. लिहिलं:
प्रणोती मगदूमनं हात वर केला.
बाकीच्या पाच जणांची नावंही लिहिली.
कॅलमचं उत्तर लगेच आलं,
इतिवृत्त असं लिहीत नाहीत.
माहीत आहे, मी कळवलं.

तास हलिनाचे गेले होते.
तिसरा मजला तिचा, बाथरूम तिची,
ग्दान्स्कच्या समुद्राबद्दल सांगायला लागली
की पोचा हातात तसाच उभा राहायचा.
तिला जिन्यात गाठलं.
वाक्य घोकून नेलं होतं, कर्तरी, प्रथमपुरुषी,
अर्ध्यातच घसा बसला.

तिनं बादली पायरीवर ठेवली.
"त्या खोलीला काचेची भिंत आहे," म्हणाली.
"मी बाहेर पुसत होते. ऐकू काही आलं नाही.
हात मोजले."

मग, बराच वेळानं,
"तुझा सगळ्यात शेवटी वर गेला."

हे तिनं माझ्या बाजूनं म्हटलं की विरुद्ध,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोमवारी पुन्हा दफ्तरखाना.
पान त्रेसष्ट.
मालकाचं नाव या वहीत मिळणार नाही,
दुसऱ्या वह्या मागवल्यात, आठ खोकी.
तोवर पेन्सिल जेसी केर्डपाशी थांबते.
चौदा वर्षांची पोर,
केसांत तागाची कुसं,
काचेपलीकडच्या माणसांच्या ओठांकडे
बघत उभी असणार.