झाकणाच्या आत

पापाच्या तिकटीजवळ माझं दुकान,
रुंदी एका माणसाची, लांबी दीड माणसाची.
शेजारी चपलांच्या माळा टांगलेल्या,
कातड्याचा वास थेट भिंगापर्यंत येतो.

मोबाईल आले आणि घड्याळं मेली, म्हणतात.
मेली असतील.
वेळ कळावी म्हणून
गेल्या दहा वर्षांत कुणी पायरी चढलं नाही.
चढतात ते वेगळेच.

काल तेजपाल मगदूम आला,
उद्यमनगरातल्या फौंड्रीचा तिसऱ्या पिढीचा मालक.
रुमालाची गाठ सोडली :
तीन डोळ्यांचं, दोन खटक्यांचं,
किल्ली देऊन चालणारं.
अशी अकरा आहेत त्याच्याकडे.
सहा लॉकरात, चार
बायकोला ठाऊक नसलेल्या जागी,
आणि हे.
हे आज्जाचं, बाबगोंडा मगदूमांचं.

वरचा खटका दाबला की काटा सुटतो,
परत दाबला की जागच्या जागी खिळतो,
खालचा दाबला की झपकन बारावर,
खासबागेत चितपट झालेला पैलवान
माती झटकून उठावा तसा,
जणू काही झालंच नाही.

बाबगोंडा भट्टीपुढं उभे राहून मोजायचे
साच्यात रस ओतायला किती लागतो ते.
इंजिनच्या ब्लॉकला सतरा सेकंद.
अठरावा लागला की ब्लॉक भंगारात
आणि ओतणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार.
चारच्या आकड्याशी काच भाजलीय,
तिथं ठिणगी बसली होती.
“काच बदलू?” मी विचारलं.
तेजपालनं असं बघितलं,
जसं मी आज्जाचा फोटो बदलू म्हणालो.

मुंबईच्या एका शौकिनानं किंमत लावलीय म्हणे.
आकडा ऐकून माझा चिमटा खाली पडला.
“देणार न्हाई ओ,” तेजपाल म्हणाला,
“पन ऐकायला बरं वाटतंय.”

चहा घेऊन आलेला अवधूत हसला,
“मोबाईलात असतंय की हे, फुकट.”
तेजपालनं काही न बोलता
घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवलं.
पोरानं खटका दाबला.
आत कुठंतरी एक दात दुसऱ्या दातात बसला,
ते बोटाला आधी कळतं, कानाला मग.
अवधूतनं परत दाबला. परत.
पुढच्या दुकानाचा चहा गार झाला.

मी मात्र नऊच्या जागचा बारका काटा बघत होतो.
मोठा सुटो, थांबो, शून्यावर येवो,
ह्याला काही घेणं नाही,
हा आपला चालतोय.

सगळे गेल्यावर मागचं झाकण उघडलं.
आतल्या बाजूला सुईनं कोरलेलं :
इ. शि. ६८.
त्याखाली इ. शि. ७४.
त्याखाली, जरा वाकडं, इ. शि. ८१.
इब्राहिम शिकलगार, माझे उस्ताद.
एक्याऐंशीत त्यांचा हात थरथरू लागला,
त्याच दिवाळीत चिमटा माझ्याकडं आला.
हे घड्याळ उघडताना मला बाहेर पाठवलं असणार,
पानतंबाखू आणायला.
मला आठवत नाही.

तेल दिलं, एक स्प्रिंग बदलली,
काचेला हात लावला नाही.
मग त्याच सुईनं
वाकड्या ओळीखाली माझं नाव घातलं,
दि. पो. आणि साल.
फार मोठं झालं अक्षर.
उस्ताद असते तर कानाखाली बसली असती.