दुसऱ्या नावापाशी

पंपाचा वायसर बदलायला आला होता अल्दियार,
अरालच्या आटलेल्या काठाकडून, मोटारसायकलवर,
भुवयांत मीठ.
विहिरीत वाकून म्हणाला,
पाणी आहे, खाली गेलंय एवढंच.
मी बॅटरी धरून उभी,
आणि उजेड पडत होता त्याच्या मानेवर.
त्याच्या लक्षात आलं. बोलला नाही.

दुसऱ्या खेपेला काही बिघडलंच नव्हतं.
तिसऱ्या खेपेला
वायसर मीच सैल केला होता.

आमच्यात पाढ्यांच्या आधी सात बाप पाठ करतात.
बापाचा बाप, त्याचा बाप, असे सात.
ज्याला सात येत नाहीत तो पोरका, वडील म्हणायचे.
आणि सातांच्या आत जर एक नाव जुळलं
तर ती दोघं भाऊबहीण.
मग मध्ये दोनशे वर्षं असोत की दोनशे कोस.

चहावर वडिलांनी त्याला विचारलं.
आई अर्धा-अर्धा पेला भरत होती,
पाहुण्याने पुन्हा मागावं, बसावं, म्हणून.
त्याने सुरुवात केली. मुखीत. केनेस. बैझान.
उंटीण बाहेर खाकरली.
सारी. एसेनगुल.
वडिलांनी बशी खाली ठेवली.
आमचा सहावा. तुझा पाचवा.
कोणी रागावलं नाही. उलट मिठी मारली त्याला,
आपलाच निघाला म्हणून.
फक्त आईने त्याचा पेला
काठोकाठ भरला.
काठोकाठ पेला म्हणजे, ऊठ आता.

त्या रात्री लोकर पिंजताना
बाल्झिया आत्या म्हणाली, दिवा बारीक कर.
तुझ्या आजोबांचं नाव काय?
ताबिल्दी.
म्हणजे काय?
सापडला.
लोकांना वाटतं, नवसाचा म्हणून.
नवस कसला. बत्तिसातला दुष्काळ.
रुळांच्या कडेला, एका मेलेल्या बाईच्या कोटात
ते पोर अजून ऊबदार होतं.
दोसानने उचललं.
कोणाचं, कुठलं, काय सांगणार ते? दोन वर्षांचं.
दोसानकडे भाकरी नव्हती,
त्याने आपले सहा बाप
त्याच्या ओंजळीत घातले.

हे कोणाला माहीत आहे?
मला. आता तुला.

म्हणजे एक वाक्य.
तेवढं बोलले की मी मोकळी,
एसेनगुल माझा कोणी नाही,
अल्दियार माझा भाऊ नाही.
आणि वडील?
उन्हाळाभर ते चुनखडीवर नावं कोरत होते,
आजोबांच्या थडग्यासाठी, सातही,
चष्मा दोऱ्याने बांधून,
चुकलेलं अक्षर घासून पुन्हा.
सत्तरीला त्यांना मी पोरकं करायचं.
एका मानेसाठी.

(मान चांगली होती. खोटं कशाला बोलू.)

अक्तोबेची गाडी आमच्या स्टेशनवर चार मिनिटं थांबते.
पहिलं मिनिट त्याची पिशवी चढवण्यात गेलं.
मग तो दारात उभा राहून म्हणाला,
आता तुला बहीण म्हणायचं का मी, कामशात?
ते वाक्य माझ्या जिभेवर होतं,
अख्खं, क्रियापदासकट.
मी म्हटलं,
वायसर परत गळतोय.
तो हसला. मग हसेना.
गाडी सुटताना कोणीतरी खिडकीतून
टरबुजाची साल फेकली.
मी ती उंटिणीसाठी उचलून घरी आणली.
काहीतरी हातात हवं होतं.

परवा भावाचा मुलगा माझ्यापुढे म्हणून दाखवत होता.
तुर्सिन. ताबिल्दी.
थांबला. ताबिल्दी म्हणजे काय गं, आत्या?
सापडला.
कुठे?

बाहेर वडील नव्या नळाखाली हात धूत होते,
चुना बोटांतून निघत नव्हता.
आत्या, कुठे सापडला?

पुढचं नाव घे, म्हटलं.