फुटाला एक सूत

अप्पांच्या टेबलावरची फुटपट्टी खोटी आहे,
हे मला सातवीत कळलं.
भूमितीच्या पेपराला चुकून तीच नेली
आणि सगळे त्रिकोण मोठे आले.

उद्यमनगरात पॅटर्न करणाऱ्याची पट्टी अशीच असते.
ओतलेलं बीड निवताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच वाढवून कापायचं.
फुटाला एक सूत.
पोलादाला दोन.
माणसाचं, अप्पा म्हणाले, काय ठरलेलं नसतंय.

हे ते म्हणाले मी छांगवॉनला निघाले त्या रात्री,
स्क्रॅप मोजायच्या काट्यावर माझी बॅग चढवताना.
तेवीस किलोत अडीच किलो कांदा-लसूण चटणी.
आई म्हणाली, वाईच जागा आहे अजून.

तिथल्या ऑफिसात माझ्या नावाचे चार ठोकळे पाडले:
फु, रा, नो, ति.
तीन अक्षरी प्रणोती गेले, एक अक्षर वाढून आले.
हजेरीला पोरं म्हणायची, ने.
ने म्हणजे होय, खोलीतल्या बोरामनं सांगितलं.
तरी कित्येक दिवस प्रत्येक 'ने'ला
मी मनात पुढचं जोडायची:
ने मला.
कुठं, ते काही सुचायचं नाही.

एकदा बसमध्ये एक पोरगं ओरडलं, अप्पा!
मी गर्रकन वळले.
पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेला एक परका माणूस.
मी बघत राहिले म्हणून तो वाकला.
मग मीही वाकले.
त्याचा थांबा आला, ती दोघं उतरली.
मी अजून अर्धी वाकलेलीच.

प्रयोगशाळेत वाळू नव्हती, काजळी नव्हती.
पडद्यावर लाल रंगाचं बीड निळं होत जायचं.
किती आकसेल, सरांनी विचारलं,
आणि संगणकाच्या आधी मी बोलून गेले: सूत.
संगणक म्हणाला, शेकडा एक दशांश शून्य चार.
सरांनी दोन्ही उत्तरं ताडून पाहिली
आणि 'सूत' वहीत लिहून घेतलं,
त्यांच्या अक्षरांत, दोन ठोकळ्यांत.
त्या दिवशी मी जेवले नाही, नुसती फिरत राहिले.
आनंद झाला होता की रडू येत होतं
हे सांगायला जवळ कुणी नव्हतं.

आरोग्य तपासणीत मी दीड सेंटिमीटर जास्त भरले.
यंत्र चुकलंय म्हटलं. पुन्हा उभं केलं. तेवढंच.
आमच्या दुकानाच्या दाराला माझ्या उंचीच्या रेघा आहेत,
दर दिवाळीला एक, सुताराच्या पेन्सिलीनं,
शेवटची बरोबर पाच फुटांवर.
दवाखान्यातल्या थंडगार फरशीवर, मोजे हातात घेऊन,
माझ्या डोक्यात उजेड पडला:
कुठल्या पट्टीनं?

रात्री फोन केला. तिकडे साडेदहा, इकडे सात.
मागे रंधा चालू होता. बंद झाला.
बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाले,
बरं झालं की. आकसायला जागा हाय अजून.

परत आले तर आई म्हणाली, वाळलीस.
शेजारची वहिनी म्हणाली, गोरी झालीस.
घरात मी पुन्हा पणू, दोनच अक्षरांची.
काल गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
अप्पांनी पुढे केलेला पेला
मी दोन्ही हातांनी घेतला.
त्यांनी पाहिलं. काही बोलले नाहीत.
म्हैस मात्र मान वळवून बघत होती.

आज दुकानात गेले. भुसा तसाच,
फक्त कॅलेंडर नवं.
चपला काढून दाराला पाठ लावली.
अप्पांनी कानामागची पेन्सिल काढली,
टेबलावरच्या दोन्ही पट्ट्या उचलल्या,
एक खरी, एक आमची,
आणि उगीच जरा वेळ नुसतेच उभे राहिले.
कुठली लावू, म्हणाले.
मी तोंड उघडलं,
तर म्हणाले, टाचा टेकव आधी.