बाहेरचा रकाना

मंगळवारी आणि गुरुवारी, सव्वाआठला,
आम्ही घडीचं टेबल उघडतो
कचेरीच्या फाटकासमोर, रस्त्याच्या या अंगाला.
त्याचा एक पाय आखूड आहे, त्याखाली
बसच्या जुन्या वेळापत्रकाची घडी.
थर्मास, बिस्किटं,
वकिलाचा नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या,
आणि वही.

वहीत दोन रकाने. आत. बाहेर.
एवढंच काम, फार मोठं नाही:
जो आत जाईल त्याचं नाव लिहायचं,
तो बाहेर आला की वेळ टाकायची.

चाळीस वर्षं ग्लासगोच्या एका शाळेत
मी हजेरी घेतली. दोन्ही अर्थांनी.
पोरं खिडकीबाहेर बघत ‘हजर’ म्हणायची.
इथली माणसं फाटकाकडे बघत नाव सांगतात.
त्यांची खरी हजेरी आत, काचेपाशी,
आणि तिथे हजर झालेला माणूस
कधी कधी तिथूनच गैरहजर होतो.

तेस्फाल्देत. आत ८.५०, बाहेर ९.१५.
सुदानचे एक आजोबा वही ओढून घेतात,
उजवीकडून डावीकडे लिहितात,
त्यामुळे ते आधी बाहेर येतात
आणि मग आत जातात.
मी सुधारत नाही.

झोझान. आत ९.४०.
मुलाचे फुटबॉलचे बूट तिनं टेबलाखाली ठेवले.
आत पिशवी उलटी करतात, म्हणाली,
चिखल सांडेल. आलेच.

दहा. साडेदहा.
फर्गस चहा ओतायचा थांबला,
मागच्या गल्लीत जाऊन आला,
आणि नुसती मान हलवली.
पांढरी गाडी लागली होती.

मी एकच फोन केला, शाळेच्या स्वयंपाकघरात.
त्या बायका ॲप्रन न सोडता आल्या,
खाटीक दुकानाला कुलूप लावून आला,
तिच्याच जिन्यातली, तिच्याशी तीन वर्षं
कचऱ्याच्या डब्यावरून भांडणारी मिसेस ऑखिंक्लॉस
घरातली उशी घेऊन आली, बसायला.
गल्लीत गाडीपुढे आम्ही मांडी ठोकली.
घोषणा बऱ्याच उशिरा सुचल्या.
आधी सगळे बोलत होते ते
रस्ता किती गार लागतो याबद्दलच.

सांगायला बरं वाटलं असतं की गाडी मागे फिरली.
अडीच वाजता ती निघाली,
आम्हाला एकेकाला उचलून,
अगदी अदबीनं, बाजूला ठेवून.
काळ्या काचेमागे कोण होतं ते दिसलं नाही.
आम्ही तरी हात हलवले.

मग अर्ज. मग सह्या.
मुलाच्या संघातल्या अकरा जणांची न्यायाधीशांना पत्रं,
त्यातल्या एकाचं फक्त ऑफसाइडविषयी.
मग वकील, मग वकिलाची सुट्टी, मग दुसरा वकील.

वहीचं पान भरलं की मी तिची ओळ
पुढच्या पानावर उतरवून घेई,
वाणी उधारी ओढतो तशी.
मागील पानावरून पुढे: झोझान, आत ९.४०.
समोर कोरं.
पाच पानं मी ते कोरं
हातानं उतरवून काढलं.

विसाव्या दिवशी ती बसनं आली,
फाटकाच्या बाजूनं नाही, आमच्या बाजूनं.
गळ्यात पडेल असं वाटलं होतं.
तिनं आधी बूट मागितले.
फर्गसनं ते घासून लखलखीत केले होते,
ती तळ बघून म्हणाली, लेस कुणी बदलली?

मी वही पुढे केली. काय वेळ टाकू?
तिनं घड्याळ पाहिलं नाही.
पेन माझ्या हातातून घेतलं,
कोऱ्या रकान्यात, रेघेला धरून,
सावकाश एक शब्द लिहिला.
मंगळवारपर्यंत.

मग बूट काखेला मारून घाईघाईनं गेली.
चार वाजता सामना होता.
रांगेत कुणीतरी नाव सांगत होतं,
मला पुन्हा विचारावं लागलं.