पाडणारी

मी गोण्या पाडते. एकवीस वर्षं हाच रोजगार.
बोथनियाच्या आखाताकाठी कागदाची गिरणी,
तिच्या तळघरात एक उंच लोखंडी घोडा,
घोड्यावर कागदाची गोणी, गोणीत पंचवीस किलो वाळू.
खटका ओढते.
धप्प.
वहीत एक रेघ.

सल्फेटचा वास गावभर, सडक्या कोबीसारखा.
आई म्हणायची, नाक मुरडू नकोस, पगाराचा वास आहे तो.
आता मला तो येतच नाही.
परगावचा पाहुणा रुमाल काढतो, तेव्हा आठवतो.

आमच्या भाषेत याचं नाव बळकागद.
पलीकडच्या स्वीडनमध्ये क्राफ्ट; तेही बळच.
पण कसलं बळ, ते नावात नाही.
नव्या पोरीला, सिनिक्काला, मी पहिल्याच दिवशी
दोन पट्ट्या दिल्या.
एक ताठ, गुळगुळीत, लग्नपत्रिकेच्या ऐटीची.
दुसरी तपकिरी, बारीक चुण्यांची,
फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी.
ओढ, म्हटलं.
ताठ पट्टी टचकन तुटली.
चुण्यांची आधी लांबली,
कुरकुरली, मग आणखी जराशी लांबली,
शेवटी सिनिक्काच दमली.

पाइन इथे सावकाश वाढतो.
अर्धं वर्ष अंधार, वाढायची घाई कुणाला?
म्हणून त्याचे धागे लांब,
लगदा झाला तरी एकमेकांना धरून.

ताउनो गेला त्या हिवाळ्यात
(मेला नाही; ओउलूला गेला, कुत्र्यासकट)
एका सोमवारी मी एकच गोणी पाडत राहिले.
नियम दहाचा. दहा वेळा टिकली की पास.
अकरा.
बारा.
फोरमन यालमारी दारात येऊन उभा,
हातातली कॉफी निवत चाललेली,
बोलला काहीच नाही.
सतरा. अठरा.
प्रत्येक धप्पची घडी कागदावर उमटत होती,
घडीवर घडी, पण फाटायचं नाव नाही.
मला तिचा राग येऊ लागला.
चोविसाव्याला कोपरा उसवला, अंगठ्याएवढा.
वाळूची बारीक धार लागली,
फरशीवर तिचा ढीग होईपर्यंत
आम्ही दोघं बघत राहिलो.

यालमारीनं झाडू आणला.
म्हणाला, चोवीस लिहू नकोस, आयनो,
ऑफिसला खरं वाटणार नाही.
मी दहा लिहिलं. पास.

गोण्या पुढे कुठे जातात, मी विचारत नाही.
सिमेंट, मैदा, साखर.
कुत्र्याचं खाणंही येतं त्यांत,
तळाशी आमच्या गिरणीचा छाप.
ओउलूत कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावर,
लिफ्ट बंद असेल त्या दिवशी,
तो जिना चढून धापा टाकत येत असेल,
खांद्यावरून ती स्वयंपाकघरात आपटत असेल
(हळू ठेवणं त्याला कधी जमलंच नाही)
आणि टेबलाखालून तुइस्कूचे कान उभे राहत असतील.

धप्प.

फाटणार नाही.
माझी जबाबदारी.