टाचणी

कुआला तेरेंगानूच्या धक्क्यावर
झबेदा कोळ्यांची इंजिनं दुरुस्त करते, वीस वर्षं झाली.
भाच्याने गंमत म्हणून तिचा व्हिडिओ काढला,
अकरा सेकंदांचा.
डोक्यावर निळा तुडुंग, ग्रीसने काळी बोटं,
मागे कुणाचं तरी मांजर.
आणि सातव्या सेकंदाला
कानाजवळून सुटलेली
केसांची एक बट.

रातोरात नऊ लाख लोकांनी ती बट पाहिली.
कुणी चित्र थांबवून मोठं केलं,
कुणी लाल गोल काढला,
वहीत चुकलेल्या गणिताभोवती काढतात तसा.
कुणी लिहिलं, हिला नवरा नाही वाटतं.
कुणी लिहिलं, हिचा बाप कबरीत जळत असेल.
बाप समुद्रात गेला.
त्याला कबर नाही.

लांबच्या थंड देशातल्या एका बाईने लिहिलं,
फेकून दे ते फडकं, बहिणी, मोकळी हो.
तिला बाराशे बदाम मिळाले.
जोहोरच्या एका विद्यार्थ्याने लिहिलं,
बहिणी, आणखी एक टाचणी लाव.
त्यालाही मिळाले.
बहीण दोघांनीही म्हटलं.
होडी कुणाची, हे विचारलं नाही.

होडी आमची होती.
म्हणून मला माहीत आहे सहाव्या सेकंदाला काय झालं.
कार्बोरेटरचं भोक मिठाने बुजलं होतं,
तार जाड पडत होती,
तिने हनुवटीखालची टाचणी उपसली,
भोकात घातली, फिरवली, फुंकर मारली.
व्हिडिओ तिथेच संपतो.
त्यानंतर तिने दोरी ओढली.
इंजिन दोनदा खोकलं, मग बोलू लागलं,
आणि पहाटे माझा नवरा
दोन टोपल्या बांगडे घेऊन घरी आला.

हे मी तिथे लिहायला हवं होतं.
लिहायला घेतलंही.
मग वाटलं, लोक माझंही घर उघडतील,
लेकीच्या लग्नातले फोटो,
तेव्हाच्या माझ्या बाह्या.
आणि खरं सांगायचं तर, त्याच्या आधीच
त्या विद्यार्थ्याच्या वाक्याला
माझ्या अंगठ्याने बदाम दिला होता,
सवयीने,
चहाला उकळी येईपर्यंत.

आज पुन्हा तिच्याकडे गेले.
पुन्हा तेच भोक, तेच मीठ.
तुडुंगाला आता चार टाचण्या,
चारही जागच्या जागी.
ती डब्यात बारीक तार शोधत राहिली,
खिळे, वायसर, तुटकी चावी,
मान वर न करता.

मी माझी टाचणी काढून पुढे केली.
वारा होताच.

तिने ती उजेडात धरली.
वाकलीये, म्हणाली,
पण चालेल.